बदकाचा फर्मा

मल्हारीनं ट्रॅक्टरमागं उकिडवं बसून यंत्राच्या पात्याखाली हात घातला आणि कांद्याच्या पातीचा मातकट गोळा ओढून काढला. चांगला उशीएवढा निघाला. तो त्यानं बांधावर भिरकावला. तिथं आधीच असले पाच गोळे पडलेले होते.

"परत?" ट्रॅक्टरवरून अंकितानं विचारलं.

"परत."

तिनं इंजिन बंद केलं आणि खाली उतरली. कांद्याच्या माना पडून आठवडा झाला होता, वाफा काढणीला अगदी तयार होता, ऊन अजून चढायचं होतं. सगळं जिथल्या तिथं होतं, फक्त यंत्र चालत नव्हतं. कांदा साफ वर यायचा, एकही कापला जायचा नाही. पण पात्याच्या बाजूला जी उभी पट्टी होती तिला पात वेढे घालायची, त्या वेढ्यांत माती धरायची, आणि वीस पावलं जाईपर्यंत पात्यापुढं ढिगारा उभा राहायचा. मग मागचा कांदा दबून फुटायचा.

अंकिता मल्हारीची एकुलती एक लेक. इंजिनिअर झाली, चार वर्षं रांजणगावच्या एका कंपनीत राहिली आणि मागच्या वर्षी नोकरी सोडून पाटसला बापाच्या वर्कशॉपमध्ये येऊन बसली. कांदा काढायचं यंत्र करायचं, आपल्याकडच्या मातीला चालेल असं, हा तिचा ध्यास. ती पट्टी तिनं चार वेळा कॉम्प्युटरवर काढली, चार वेळा कापून आणली. शुक्रवारी शेतकरी गटाची पंचवीस-तीस माणसं यंत्र बघायला येणार होती.

"आप्पा," ती पट्टीकडं बघत म्हणाली, "शुक्रवारी हे असंच अडलं तर मी मेमध्ये परत कंपनीत जाते. सर अजून बोलवतायत."

ती चिडून बोलली असती तर मल्हारीला काही वाटलं नसतं. पोरगी चिडते, जेवते, झोपते, सकाळी परत कामाला लागते. पण आत्ता ती अगदी शांत बोलली होती. एकसष्ट वर्षांचा झाला होता तो. ह्या एका वर्षात वर्कशॉपमध्ये परत माणसासारखं बोलणं-हसणं सुरू झालं होतं. ती गेली की शटर ओढायचं आणि गप घरी बसायचं, एवढंच उरणार होतं.

तो बराच वेळ त्या पट्टीच्या सांध्याकडं बघत राहिला. मग म्हणाला, "हे भुईमुगाचं दुखणं हाय."

"काय?"

"भुईमुगाचं. काढणीला वेल असंच गुतायचं. त्याच्या आधी उसाची सरी पाडताना पाचट गुतायचं. औजार न्यारं, पीक न्यारं, पन गुतायची जागा हीच, ही बग."

"मग तुम्ही काय केलं होतं?"

मल्हारीनं बोटानं मातीत एक रेघ ओढली. खालून फुगीर पोट, तिथून मागं झुकत गेलेली लांब मान, वर जराशी बाहेर वळलेली. अंकितानं ती बघितली आणि तिचा चेहराच बदलला.

"बदक!" ती म्हणाली. "आप्पा, हे तर आपलं बदक! मी त्याच्या कडेनं खडू फिरवून फरशीवर बदकं काढायचे. तुम्ही दोघं ओरडायचा माझ्यावर."

"म्या कवा वरडलो? बापू वरडायचा."

हे नाव मल्हारीच्या तोंडातून नकळत गेलं. एकोणीस वर्षांत त्यांच्या घरात कुणी ते घेतलं नव्हतं.

"कुठंय तो फर्मा आता?" अंकितानं विचारलं.

"कवठ्याला," मल्हारी म्हणाला. "येमाईच्या कवठ्याला."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं पिकअप घेऊन निघाले. अंकिता गाडी चालवत होती. चौफुल्याला वळून न्हावऱ्याचा रस्ता धरेपर्यंत मल्हारी खिडकीबाहेर बघत होता. मग तिनं विचारलं नसतानाही तो बोलायला लागला. बोलला थोडंच, बाकीचं सगळं त्याच्या डोळ्यापुढून जात राहिलं.

पाटसला हायवेच्या कडेला बापूसाहेबाचं आणि त्याचं भागीतलं दुकान होतं. बापू कवठ्याचा पाटलाघरचा, मल्हारी मेंढरं वळणाऱ्या बापाचा पोरगा. पण हातात वेल्डिंगचा होल्डर आला की कोण कुठला हे कुणाच्या ध्यानातही यायचं नाही. दुकानाची मागची भिंत नुसती फर्म्यांनी भरलेली असायची. फर्मा म्हणजे पत्र्याचा कापलेला नमुना. लोखंडाच्या प्लेटवर ठेवायचा, खडूनं कड काढायची, रेघेवर कापायचं. एकदा फर्मा जमला की तोच तुकडा शंभर वेळा काढा. सेहेचाळीस होते. प्रत्येकाला नाव: बदक, नथ, म्हशीचं शिंग, सुनबाई. सुनबाईला सुनबाई का म्हणायचे ते आता दोघांनाही सांगता आलं नसतं.

शेतकरी यायचे ते औजाराचं नाव घेत यायचे. माझा नांगर, माझी पेरणी, माझी मळणी. बापू ते ऐकूनच घ्यायचा नाही. हातातलं काम न सोडता एकच विचारायचा, "कुठं अडतंय?" माणूस सांगायचा, माती चिकटती, पाचट गुततं, नट ढिला हुतो. बापू काठीनं भिंतीकडं दाखवायचा. "मल्हारी, बदक काढ." झालं. पाचटासाठी केलेलं बदक भुईमुगाला बसलं, भुईमुगाचं बटाट्याला बसलं. दर वेळी नव्यानं डोकं फोडायची वेळ त्यांच्यावर कधी आली नाही.

पण ते पहिलं बदक जमवायला मात्र अकरा दिवस लागले होते. बापू कात्रीनं पत्रा कापायचा, मल्हारी त्याच्यावरून ओलं पाचट ओढायचा. गुतलं, की पत्रा फेकून दुसरा. बारा पत्रे वाया गेले. तेराव्याला पाचट मानेवरून असं सुळकन घसरलं की मल्हारी झोक जाऊन मागं आपटला आणि बापू पोट धरून हसत सुटला. हसून हसून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तसलं हसू मल्हारीनं नंतर कुणाचं बघितलं नाही.

"मग भांडण कशावरून झालं?" अंकितानं विचारलं.

"माझ्यावरनं."

बापूचा एकच कायदा होता. विचारल्याशिवाय फर्मा दुकानाबाहेर जायचा नाही. आणि मल्हारीला कुणाला नाही म्हणता यायचं नाही. एक ओळखीचा कारागीर आला, दोन दिवसांसाठी बदक द्या म्हणाला. बापू गावाला गेलेला. मल्हारीनं दिलं. त्या गृहस्थानं ते महिन्यानं परत आणलं, आणि पुढच्या हंगामात चार दुकानांत बदकाची औजारं उभी राहिली. बापू आरडाओरडा करणारा असता तर बरं झालं असतं. तो एवढंच म्हणाला, "इचारायचं तरी, मल्हारी."

तेव्हा चुकलो म्हणायचं होतं. एक शब्द. पण मल्हारी म्हणाला, "बदक काय तुझ्या एकट्याच्या बापाचं हाय व्हय?"

ते वाक्य त्याला आजही, न्हावऱ्याच्या रस्त्यावर, जसंच्या तसं ऐकू आलं. त्यानं खिडकीची काच उगाच वर केली, परत खाली केली.

वाटणीला गावातले सोपानराव बसले. जाणता माणूस, भावाभावांच्या वाटण्या करून हात बसलेला. मशिनी वाटल्या, पत्रा वाटला आणि मग त्यांनी सगळे फर्मे अंगणात पसरले आणि ताटं-वाट्या वाटाव्यात तसे वाटत गेले. एक ह्याला, एक त्याला. तेवीस-तेवीस. आता फर्मे काय ताटल्या आहेत? तीन-तीन, चार-चार मिळून एक औजार होतं. बदक, त्याखालची आडवी पास म्हणजे मातीतून चालणारं पातं, आणि दोन्हीला धरणारं ब्रॅकेट, असा तो संच. बदक बापूकडं गेलं, पास आणि ब्रॅकेट मल्हारीकडं आलं. अंगणात उभ्या असलेल्या माणसांपैकी ही गोष्ट फक्त दोघांना कळत होती. आणि ते दोघं तोंडात मिठाची गुळणी धरून बसले. आधी तो बोलेल, मग मी बोलेन. कुणीच बोललं नाही. दोघांच्याही घरी एकेक अर्धवट भिंत गेली.

"म्हणजे तेव्हापासून तुम्ही एकही पूर्ण औजार केलं नाही?" अंकिता म्हणाली.

"गेटं केली. ग्रिलं केली. ट्रॉल्या केल्या."

"बदक परत करून बघायचं ना!"

"बगितलं की. दोनदा. मान जमंना."

शिरूर मागं पडलं, मलठण गेलं. बापूला काय म्हणायचं ते मल्हारीनं न्हावऱ्यापासून जुळवत आणलं होतं. रामराम, मग तब्येत, मग पोरीचं यंत्र, आणि मग हळूच बदक. बापू दारातूनच घालवून देईल ही तयारीही त्यानं ठेवली होती. पोरीसमोर अपमान होईल, होऊ दे. ती पाटसला राहणार असेल तर तेवढं सोसायचं.

बापूसाहेबाचं शेड त्याच्या घराला लागून, रस्त्याच्या कडेला होतं. दुकानावर पाटी नव्हती. बापू स्टुलावर बसून व्हाइसमध्ये धरलेल्या तुकड्याला कानस मारत होता. केस पार पांढरे, चष्म्याला मागून दोरी बांधलेली. गाडीचा आवाज आला तशी त्यानं मान वर केली. मल्हारी दारात उभा राहिला आणि जुळवलेलं एकूणएक वाक्य विसरला.

बापूनं त्याच्याकडं बघितलं, मागं उभ्या अंकिताकडं बघितलं. कानस खाली ठेवली. चष्मा काढून सदऱ्याला पुसला, परत घातला.

"कुठं अडतंय?" तो म्हणाला.

मल्हारीनं नुसतं अंकिताकडं बघितलं. अंकिताच पुढं झाली आणि तिनं काल वावरात काढलेला व्हिडिओ मोबाइलवर लावला. बापूनं तो दोनदा बघितला. दुसऱ्यांदा बघताना त्याची मान पातीबरोबर हळूहळू वळत गेली.

"पात गुतती," तो म्हणाला.

"हो काका."

"पट्टी सरळ उबी ठिवली तर गुतनारच की. हिला मान पायजे. पास कुठली लावली?"

"माझीच," मल्हारीला वाचा फुटली. "जुनी."

"हं."

एवढ्यात घरातून झुंबरबाई बाहेर आली. बापूसाहेबाची बायको. दारात उभ्या माणसाला तिनं डोळे बारीक करून बघितलं आणि कपाळावर हात मारला.

"आगं बया! मल्हारी! किती वाळला रं तू. आन् ही अंकी का? केवढी झाली! हिची आय कुठं? गिताबाईला का न्हाई आणलं?"

"घाईत निघालो, वयनी."

"घाईत! एकोणीस वर्सं लागली आन् म्हनं घाईत." ती नवऱ्याकडं वळली. "तुमीबी बसा म्हनलं न्हाई का त्यास्नी? दोघं सारखंच येडं. च्या टाकते."

ती आत गेली. बापूनं कोपऱ्यातली हूक लावलेली काठी घेतली आणि भिंतीकडं वळला. मल्हारीही वळला. भिंत बघितली आणि सवयीनं मनातल्या मनात मोजायला लागला. तेवीस असायला हवे होते. तेवीस झाले तरी भिंत संपेना. त्यानं परत पहिल्यापासून मोजले. सेहेचाळीस भरले.

तो जवळ गेला. म्हशीचं शिंग बापूच्या वाटणीचं होतं, ते जुनं काळवंडलेलं होतं. पण त्याच्या शेजारी नथ होती, आणि नथ तर पाटसला मल्हारीच्या भिंतीवर होती. सुनबाई इथं होती. ब्रॅकेट होतं. आणि पास. सगळे नव्या पत्र्यातले, पण जुन्या फर्म्यांसारखेच. बापूनं मल्हारीकडचे तेवीस फर्मे आठवणीतून परत कापले होते.

मल्हारीनं पास खिळ्यावरून काढली आणि हातात धरली. डाव्या टोकापासून चार बोटांवर एक भोक होतं. त्यानं त्यात करंगळी घातली आणि तसाच उभा राहिला.

ते भोक चुकीचं होतं. दुकान सुरू झालं त्या पहिल्या आठवड्यात मल्हारीनं ड्रिल भलत्याच जागी मारलं होतं. त्या भोकाचा कुणाला काही उपयोग नव्हता. पण नवा पत्रा वाया कशाला घालवा म्हणून फर्मा तसाच ठेवला, आणि त्यावरून निघालेल्या प्रत्येक पाशीला ते भोक पडत गेलं. पुढंपुढं तर शेतकरी एकमेकांना सांगायला लागले, चिखल गळायला भोक ठेवलंय, पाटसच्या मालाची हीच खूण. बापू त्यावरून मल्हारीला वर्षानुवर्षं चिडवायचा.

"बापू," मल्हारी म्हणाला, "हे भोक चुकलेलं हाय."

"ठावं हाय मला."

"मग हितं कशाला पाडलं?"

"तुझं तसंच हुतं," बापू भिंतीकडं बघत म्हणाला. "तसंच केलं."

पाटसच्या भिंतीवर तेवीस खिळे मोकळे होते. एकोणीस वर्षांत मल्हारीनं त्यांच्यावर काहीही अडकवलं नव्हतं, डोक्यावरची टोपीसुद्धा नाही. त्याला वाटायचं, हे फक्त आपल्यालाच लागलंय. तिकडं बापू पाटलाच्या ऐटीत मजेत असेल. आणि इथं हा माणूस मल्हारीच्या चुकासुद्धा मापात जपत बसला होता. मल्हारीला रडू आलं, आणि ते लपवावं असंही त्याला वाटलं नाही.

"चुकलो हुतो म्या तवा," तो म्हणाला. "इचारायला पायजे हुतं."

"व्हय," बापू म्हणाला. "पायजे हुतं."

मग तोच म्हणाला, "मीबी गप बसून सोपानरावाला वाटनी करू दिली. बस. च्या येतोय."

चहा झाला. बापूनं बदक काढून अंकिताच्या हातात दिलं. तिनं ते दोन्ही हातांनी घेतलं, त्याच्या मानेवरून अंगठा फिरवला आणि लहान मुलीसारखी हसली. मग पिकअपमधून कागदाची गुंडाळी आणली, फरशीवर पसरली, बदक वर ठेवून टोकदार पेन्सिलीनं कड काढली. शेजारी स्टीलची मोजपट्टी ठेवून मोबाइलवर वरून फोटो घेतले. उलटं करून परत घेतले. कॅलिपरनं जाडी, वळणाची खोली, सगळं टिपून घेतलं. बापू गुडघ्यावर हात ठेवून, वाकून बघत होता.

"आज दुपारीच कटिंगला देते," ती म्हणाली. "उद्या बसवू, परवा वावरात."

"शुक्रवारी मानंवरनं पात घसरंल," बापू म्हणाला. "न्हाई घसरली तर मला फोन कर. मी येतो. पर घसरंल."

"काका, आता हे फाइलमध्ये आलं. पाहिजे तेव्हा काढायचं, पाहिजे त्या मापात. लसणाला काढा, हळदीला काढा."

"एवढ्यात झालं?"

"एवढ्यातच."

"म्हंजी आता ह्या पत्र्याची तशी गरज न्हाई."

"तशी नाही," अंकिता म्हणाली, आणि म्हटल्यावर तिनं ओठ मिटून घेतले.

"चांगलं हाय," बापू म्हणाला. तो खरंच तसं म्हणाला, टोमण्यानं नाही. त्यानं फरशीवरून बदक उचललं आणि भिंतीकडं निघाला.

मल्हारी उठून उभा राहिला. काम झालं होतं. पोरीचं यंत्र चालणार, मेमध्ये ती कुठं जाणार नाही, हे त्याला आता आतून ठाऊक होतं. ज्यासाठी आलो ते मिळालं. कागदाची गुंडाळी काखेत मारायची, रामराम करायचा आणि गाडीत बसायचं. परत कवठ्याला यायचं काही कारण उरलं नव्हतं. बापू काठीच्या हुकात बदक अडकवायला लागला.

"बापू."

"काय?"

"फर्मा नेऊ का?"

अंकितानं तोंड उघडलं. "आप्पा, आपल्याकडं आता..." एवढं म्हणून ती थांबली आणि कागदाची गुंडाळी उगाच घट्ट करत बसली.

बापूनं काठी खाली घेतली. त्यानं त्या गुंडाळीकडं बघितलं. मग मल्हारीकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. आत झुंबरबाईनं कपबशा धुवायला घेतल्या होत्या, त्यांचा आवाज येत होता.

"कवा आनून देशील?" तो म्हणाला.

"शुक्रवार झाला की. शनवारी."

"शनवारी मी शिरूरच्या बाजारात असतो."

"मग ऐतवारी."

"ऐतवारी ये. सकाळी ये, जेवायला. गिताबाईला घेऊन ये."

बापूनं बदकावरची धूळ बाहीनं पुसली, पुढची बाजू, मागची बाजू, आणि ते मल्हारीच्या हातात दिलं. दिल्यावरही एक क्षण त्याची कड धरून ठेवली.

"आन् येताना तुझी पास घिऊन ये," तो म्हणाला. "माझी जरा मापात न्हाई."

त्याच्या मागं भिंतीवर ती पास लटकत होती. मल्हारीनं आत्ताच हातात धरलेली, चार बोटांवरच्या भोकासकट, केसभरही न चुकलेली.

"आनतो," मल्हारी म्हणाला. "ऐतवारी बसून बगू."